जुनी 12 गिअरची रोड बाइक फिक्स्ड गिअर करायची आहे: आहे त्याच हबवर जमेल का?

दोनचाकी

नमस्कार मंडळी. घरात 1980 च्या दशकातली स्टीलची रोड बाइक पडून आहे. पुढे 52/42 दात्यांच्या चकत्या, मागे सहा चकत्यांचं आट्यावर बसणारं फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग), 27 × 1 1/4 ची चाकं, कॉटरलेस क्रँक 170 मिमी. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर व्हर्नियरने 126 मिमी भरतं. ड्रॉपआउटची खाच आडवी, पुढच्या बाजूला उघडणारी, साधारण 3 सेंमी लांब. फ्रेमवर गंज आहे पण वरवरचा, पोचा कुठेच नाही. मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मात्र कामातून गेलंय. म्हणून विचार केला की गिअरच काढून टाकावेत आणि फिक्स्ड करावी, म्हणजे चाक फिरेल तोवर पेडलही फिरत राहील अशी.

वापर म्हणाल तर रोज कोथरूड ते शिवाजीनगर, आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. गडावर चढवायची नाही.

ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "फ्रीव्हील वेल्ड करून देतो, अर्ध्या तासाचं काम." दुसरा पर्याय वाचला तो असा: फ्रीव्हील काढायचं, त्याच आट्यांवर फिक्स्ड कॉग (मागची एकच दातेरी चकती) चढवायचा आणि बाहेरून बॉटम ब्रॅकेटची (क्रँकचा आस फिरतो त्या भागाची) लॉकरिंग, म्हणजे अडवणारी कडी, आवळायची. यातलं काय टिकेल? की नवीन हबच घ्यावा? चेन सरळ बसवायला काय मोजायचं, दाते किती ठेवायचे, आणि ब्रेक काढले तर चालतील का, हेही सांगा.

आटेदार

फ्रेम या कामाला अगदी योग्य आहे. आडव्या खाचेचे ड्रॉपआउट असणं हीच मुख्य अट, कारण फिक्स्डमध्ये चेनचा ताण चाक मागे ओढूनच द्यावा लागतो. स्प्रिंगचा टेन्शनर चालत नाही. पायाने मागे जोर दिला की चेनची खालची बाजू ताठ होते आणि टेन्शनर उपटून निघतो. खाच उभी असती तर एक्सेंट्रिक हबसारखे महागडे उपाय करावे लागले असते.

वेल्डिंग करू नका. वेल्डिंगने फ्रीव्हीलच्या आतला खटका बंद होतो, पण अख्खं फ्रीव्हील हबवर साध्या सुलट्या आट्यांनीच बसलेलं राहतं. पेडल पुढे मारलं की ते आवळतं, मागे जोर दिला की ढिलं व्हायला बघतं, आणि त्याला बाहेरून अडवणारं काहीच नसतं. वर उष्णतेने दात्यांचं टेंपर जातं, रिमूव्हर अडकवायच्या खाचा बुजतात, आणि पुढे ते फ्रीव्हील हबवरून काढायचं म्हटलं तर हबच टाकावा लागतो.

ट्रॅक हबची (शर्यतीच्या ट्रॅक सायकलींच्या हबची) गोष्ट वेगळी आहे. त्यावर आट्यांचे दोन टप्पे असतात. आतला मोठा, 1.37 इंच × 24, सुलटा. त्यावर कॉग बसतो. बाहेरचा लहान, 1.29 इंच × 24, उलटा, त्यावर लॉकरिंग. कॉग सुटायच्या दिशेने फिरला की लॉकरिंगला त्याच दिशेने ओढतो, आणि उलट्या आट्यांमुळे ती दिशा लॉकरिंगची आवळायची असते. म्हणून ही जोडी मागे जोर देऊनही सुटत नाही. पैसे कुठे घालायचे असतील तर या हबवर घाला. बाकी जवळजवळ सगळी सायकल जुनी चालेल.

घेताना हब आणि लॉकरिंग एकाच मापाचे आहेत ना ते बघा. जुन्या कॅम्पॅग्नोलो मापाची लॉकरिंग 1.32 इंचाची असते. ती 1.29 च्या हबवर ढिली चढते, आवळल्यासारखी वाटते आणि पहिल्या जोरात आटे खाऊन मोकळी होते. लॉकरिंग हाताने फिरवताना डगमगत असेल तर तिथेच परत करा.

तुमची फ्रेम 126 ची आणि ट्रॅक हब 120 चा. फ्रेम वाकवायची गरज नाही. दोन्ही बाजूंना 3-3 मिमीचे स्पेसर घाला. ते ड्रॉपआउटला टेकवून मोकळे ठेवू नका, लॉकनट काढून कोन आणि लॉकनटच्या मध्ये घाला. म्हणजे पंक्चर काढताना वायसर रस्त्यावर पडणार नाहीत. मात्र आस दोन्ही बाजूंना 3 मिमी कमी बाहेर येईल. बाहेरचा नट पूर्ण बसून वर एक-दोन आटे दिसले पाहिजेत, नाहीतर आस लांब घ्या.

हब आणायच्या आधी फ्रेम दोऱ्याने तपासा. एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेडट्यूबवरून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीटट्यूबपासून दोरा दोन्हीकडे किती लांब आहे ते मोजा. फरक 1 मिमीच्या आत असेल तर उत्तम, 2-3 मिमी असेल तर आधी फ्रेम सरळ करून घ्या. स्टील आहे म्हणून हे करता येतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला असं वाकवायला जाऊ नये.

कॉग चढवताना आट्यांना ग्रीस लावा आणि चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) पूर्ण जोर लावून आवळा. मग लॉकरिंग, तीही हुक स्पॅनरनेच. छिन्नी-हातोडीने ठोकली की खाचा फाटतात आणि पुन्हा कधी नीट आवळता येत नाही. त्यानंतर एक चढ चढून या, मागे अजिबात जोर न देता, पुढचा ब्रेक वापरून. पायाच्या जोराने कॉग हाताने आवळला होता त्याहून थोडा आत जातो आणि लॉकरिंगमध्ये फट पडते. घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. 20-30 किलोमीटरनंतर आणखी एकदा. ही दुसरी आवळणी राहून गेली की कॉग पुढे-मागे टकटक करायला लागतो आणि हबचे आटे झिजतात. नवे हब खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

ग्रीसगन

आटेदारांचं बरोबरच आहे, पण जुन्या हबवरचा जुगाड सरसकट बाद करू नये असं मला वाटतं. दोन्ही ब्रेक जागेवर असतील आणि माणूस पायाने फक्त वेग कमी करत असेल, स्किड मारत (पाय अडवून चाक घसरवत) नसेल, तर तो चालतो. अट एवढीच की आटे पूर्ण कोरडे आणि स्वच्छ करायचे, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावायचं आणि कॉग नुसत्या चेनव्हिपने न आवळता चाकाच्या तरफेने आवळायचा. कॉगवर चेन घालायची, तिचा वळसा बॉटम ब्रॅकेटच्या नळीला द्यायचा आणि अख्खं चाक हाताने फिरवायचं. रिमची त्रिज्या 30 सेंमीच्या पुढे असते, त्यामुळे चेनव्हिपच्या दांड्यापेक्षा जोर बराच जास्त बसतो. नळीभोवती जाड रबर किंवा चामडं गुंडाळा, नाहीतर रंग जाईल. लाल, कायमचं थ्रेडलॉकर लावलंत तर पुढे काढताना हब 250 अंशांच्या आसपास तापवावा लागेल, ते टाळा.

हबचा आसही नव्याने लावावा लागेल. सहा चकत्यांसाठी उजवीकडे जाड स्पेसर असतो. तो डावीकडे घेतला की कॉग चेनच्या रेषेत येतो, पण चाक फ्रेमच्या मध्यावर राहत नाही. मग डाव्या बाजूच्या तारा सैल आणि उजव्या कोणत्या हे बघत बसू नका, डिश गेज लावून (रिम हबच्या मध्यापासून किती सरकलीय, म्हणजे डिश, ते मोजून) रिम मध्यावर आणा आणि मग आऊट (रिमचा डोल) काढा. यात एक फायदाही आहे: डिश कमी झाल्यामुळे दोन्हीकडच्या तारांवर जवळजवळ सारखा ताण येतो आणि चाक आधीपेक्षा मजबूत होतं.

आटेदार

ग्रीसगन, डिशबद्दल पूर्ण सहमत. पण कॉगबद्दल हिशोब मांडून सांगतो, म्हणजे दोनचाकींना ठरवता येईल.

70 किलोचा माणूस 170 मिमीच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला की क्रँकवर साधारण 117 न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पुढे 42 आणि मागे 17 दाते धरले तर कॉगवर त्याचे 47 होतात. चढावर कॉग एवढ्या जोराने आवळला जातो. मागे जोर देताना पाय 40 किलोपर्यंत ओढतो असं धरलं तर कॉगवर साधारण 27 न्यूटन-मीटर सुटायच्या दिशेने येतात. म्हणजे चांगला बसलेला कॉग बऱ्याचदा टिकतो, आणि म्हणूनच "माझं चालतंय" म्हणणारे भरपूर भेटतात. जुगाड फसतो तो कॉग अजून चढावर बसलेला नसताना, म्हणजे जोडणीनंतर पहिल्याच उतारावर, किंवा आट्यांवर जुनं ग्रीस राहिलं असेल तर. आणि फसतो तेव्हा पायाचा ब्रेक त्या क्षणी नाहीसा होतो, कारण तेव्हाच त्यावर जोर आलेला असतो.

बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंगही त्याच सुलट्या आट्यांची. ती कॉगला चिमटून धरते, पण कॉग फिरला की तीही सोबत फिरते. खऱ्या लॉकरिंगचं काम ती करत नाही.

रोजच्या रहदारीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. घराभोवती प्रयोग म्हणून करायचा असेल, दोन्ही ब्रेकसह, तर ग्रीसगनने दिलेली कृती हीच बरोबर पद्धत आहे.

कॅडन्स_90

दात्यांचं मी सांगतो. पुढचं 42 चं चेनव्हील आहेच, तेच ठेवा. 52 काढून टाका. 28 मिमीच्या टायरचं चाक एका फेरीत साधारण 2.13 मीटर जातं. त्यावरून:

42 × 16: पेडलच्या एका फेरीत 5.59 मीटर. मिनिटाला 90 फेऱ्या मारल्या तर ताशी 30 किमी.
42 × 17: 5.26 मीटर, 90 फेऱ्यांना ताशी 28.
42 × 18: 4.97 मीटर, 90 फेऱ्यांना ताशी 27 च्या आत.

सपाटीवर तिन्ही चालतील. निर्णय उतारावर होतो. चांदणी चौकाच्या बाजूने कोथरूडकडे उतरताना 40 चा वेग सहज येतो. 42 × 16 वर ताशी 40 म्हणजे मिनिटाला 119 फेऱ्या, 42 × 17 वर 127. 50 ला गेलात तर 149 आणि 158. सवय नसलेला माणूस 120 च्या पुढे सीटवर उसळायला लागतो, आणि पाय पेडलवरून निसटला तर पेडल थांबत नाही, ते पोटरीवर येऊन आदळत राहतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच पुढच्या ब्रेकने वेग धरून ठेवायचा. वेग वाढल्यावर पायाने रोखू म्हटलं तर जमत नाही.

तुमच्या वापराला मी 17 घेईन. सिंहगड रोडवर वाऱ्याविरुद्ध आणि सिग्नलवरून निघताना गुडघ्यांना तो एक दाता फार सोपा पडतो. 17 चं आणखी एक कारण आहे. पाय अडवून चाक घसरवलं तर टायर दर वेळी त्याच ठरावीक जागांवर झिजतो. 42 आणि 17 मध्ये सामायिक विभाजक नाही, म्हणून झीज 17 ठिकाणी वाटली जाते. 42 × 16 म्हणजे 21 ला 8, तिथे 8 जागा. 42 × 18 म्हणजे 7 ला 3, फक्त 3 जागा, आणि टायर लवकर टक्कल पडल्यासारखा होतो. स्किड मारणार नसाल तर याने फरक पडत नाही, पण अचानक थांबताना सगळ्यांकडूनच चाक घसरतं.

क्रँकबद्दल. फिक्स्डवर वळणात पेडल वर धरून ठेवता येत नाही, ते फिरतच राहतं. रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असतो, त्यामुळे 170 च्या क्रँकने वळणात पेडल रस्त्याला घासू शकतं. 165 चे मिळाले तर 5 मिमी मिळतात आणि वेगाने फिरवायलाही बरे. नाही मिळाले तर 170 वर चालवा, पण अरुंद पेडल लावा आणि वळणात सायकल कमी, शरीर जास्त आत झुकवा. गतिरोधकावर सीटवरून किंचित उठून, पाय फिरते ठेवूनच जायचं. उंच आणि अरुंद गतिरोधक असेल तर पेडल खाली असताना चाक त्यावर चढू देऊ नका, वेग आधीच इतका कमी करा की ते निवडता येईल.

टो-क्लिप आणि पट्टे लावाच. पाय पेडलला धरून ठेवायला काहीतरी नसेल तर मागे जोर देता येत नाही, आणि उतारावर पाय सुटण्याचा धोका राहतो.

दोनचाकी

सगळ्यांचे मनापासून आभार. वेल्डिंग रद्द, 36 भोकांचा ट्रॅक हब घेतो, 17 चा कॉग.

आज 52 चं चेनव्हील काढलं. चेनव्हीलचे बोल्ट आता लांब पडतायत, पूर्ण आवळले तरी 42 हलतं. आणि चेनची रेषा मोजायची कशी? सीटट्यूब 28.6 मिमीची आहे. ट्यूबच्या पृष्ठभागापासून 42 च्या दात्यांच्या मध्यापर्यंत 27 मिमी भरलं.

जुनी चेन घालून चाक उलटं करून फिरवलं तर एका जागी चेन ताठ होते आणि अर्ध्या फेरीनंतर लोंबते. क्रँक वाकलाय का?

आटेदार

बोल्ट: सिंगल चेनव्हीलचे आखूड बोल्ट वेगळे मिळतात, ते घ्या. नाही मिळाले तर 52 च्या जागी पातळ स्पेसर घालूनही चालतं. जुनेच बोल्ट कानस मारून आखूड करू नका. नटाच्या आत आटे अर्धवट राहतात आणि मागे-पुढे जोर बसल्यावर बोल्ट एकेक करून सुटतात.

रेषा: 27 मध्ये ट्यूबची निम्मी जाडी, 14.3, मिळवा. 41.3 मिमी झाले. ट्रॅक हबची रेषा 42 असते. फरक 0.7 मिमीचा, म्हणजे काही करायला नको. 1 मिमीच्या आत उत्तम, 2 पर्यंत चालतं पण चेन आवाज करते. 52 च्या बाहेरच्या जागी चेनव्हील लावलं असतं तर रेषा 46 च्या पुढे गेली असती आणि चेन तिरकी धावली असती. म्हणून आतलीच जागा योग्य.

हब आल्यावर मागचंही मोजा. लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून कॉगच्या दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर 63 मधून वजा करायचं, कारण 126 चं निम्मं 63. 3 मिमीचे स्पेसर बसल्यावर ते अंतर 21 भरायला हवं. 23 भरलं तर रेषा 40 झाली, मग उजवीकडून 1 मिमीचा वायसर काढून डावीकडे घाला. तेवढ्याने रेषा 41 होते. अशी अदलाबदल केल्यावर चाकाची डिश पुन्हा बघावी लागते हे विसरू नका.

ग्रीसगन

क्रँक वाकलेला नसावा. चेनव्हील क्रँकच्या मध्याशी नेमकं बसलेलं नाही एवढंच. बोल्टच्या भोकांत थोडी ढिलाई असते आणि चेनव्हील एका बाजूला सरकतं. गिअरच्या सायकलला डिरेलरची स्प्रिंग ते झाकते, फिक्स्डवर ते लगेच दिसतं.

सुधारायची पद्धत अशी. पाचही बोल्ट इतके सैल करा की चेनव्हील हाताने हलत नाही पण हातोडीच्या लाकडी दांड्याने टोला दिला तर सरकतं. क्रँक हळू फिरवा आणि चेन सगळ्यात ताठ होईल तिथे थांबा. त्या जागी चेनच्या वरच्या पट्ट्याला मध्यावर हलकाच टोला द्या. चेनव्हील थोडं सरकेल आणि चेन सैल होईल. पुन्हा फिरवा, नवी ताठ जागा शोधा, पुन्हा टोला. चार-पाच फेऱ्यांत ताण सगळीकडे सारखा होतो. मग बोल्ट एक सोडून एक अशा क्रमाने आवळा आणि पुन्हा तपासा. तरीही एका जागी ताठ राहिलं तर चेनव्हील झिजलंय किंवा वाकलंय.

हे काम जुन्या चेनवर करू नका. झिजलेल्या चेनचा ताण खोटा असतो. बारा इंच, म्हणजे 304.8 मिमी, इतक्या लांबीच्या कड्या पट्टीवर मोजा. 306.4 च्या पुढे गेली असेल तर टाका. नवी चेन एक सुती, 1/2 × 1/8 ची घ्या. साध्या सायकलींना तीच लागते, त्यामुळे कुठल्याही दुकानात मिळते, आणि ती तुमच्या गिअरवाल्या पातळ दात्यांवरही चालते. पातळ 3/32 ची चेन मात्र 1/8 च्या जाड कॉगवर बसत नाही, म्हणून कॉग घेताना जाडी विचारा.

लांबी: 42 × 17 आणि साधारण 43 सेंमीच्या चेनस्टेला (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या ड्रॉपआउटपर्यंतच्या नळीला) 98 च्या आसपास कड्या लागतात. चेनस्टे मोजून घ्या, आणि तोडायच्या आधी चेन प्रत्यक्ष लावून बघा. आस खाचेच्या पुढच्या अर्ध्यात येईल अशी तोडा, कारण चेन लांबत जाते आणि चाक मागे घ्यायला जागा हवी. चेन 1 इंचाने कमी केली की आस अर्धा इंच पुढे येतो. पुढे किंवा मागे एक दाता वाढवला तर एक सूत, म्हणजे 3 मिमीच्या किंचित वर. त्यामुळे 17 चा 18 किंवा 16 केलात तरी हीच चेन चालेल.

क्लिपची कनेक्टिंग लिंक वापरणार असाल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या बाजूला ठेवा, उघडं टोक मागे.

लेस्टरकर

ब्रेकबद्दल दोन शब्द. इथे ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमांनुसार सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात, फिक्स्ड चाक मागच्या ब्रेकच्या जागी धरलं जातं, पण पुढचा ब्रेक असावाच लागतो. नियम बाजूला ठेवला तरी कारण भौतिकशास्त्राचं आहे. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. मागच्या चाकाला कितीही अडवलं तरी ते फक्त घसरतं, थांबायचं अंतर पुढच्या ब्रेकपेक्षा खूप लांबतं. बालेवाडीच्या वेलोड्रोमवरच्या (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवरच्या) ट्रॅक सायकलींना ब्रेक नसतात कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि समोरून रिक्षा वळत नाही. पुण्याच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक काढू नये. सवय होईपर्यंत मागचाही राहू द्या, भोक आणि वायर आहेच.

तुमच्या 27 इंची रिम क्रोम केलेल्या स्टीलच्या आहेत का ते बघा. चुंबक लावलं की कळतं. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेकचे रबर नुसते घसरतात आणि जुलैत हे फार महागात पडतं. शक्य असेल तर निदान पुढची रिम अ‍ॅल्युमिनियमची करा. 700सी घेतलीत तर टायर मिळायला सोपे. 27 ची बैठक (रिमवर टायर बसतो तो व्यास) 630 मिमी, 700सी ची 622, म्हणजे ब्रेकचे रबर फक्त 4 मिमी खाली घ्यावे लागतात. तुमच्या कॅलिपरच्या खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. जुन्या रोड बाइकच्या कॅलिपरमध्ये बहुधा असते. मागे 700सी आणि पुढे 27 असंही चालतं, पण सोबत दोन वेगळे टायर सांभाळावे लागतील.

दोनचाकी

रिम स्टीलच्याच निघाल्या, चुंबक चिकटला. कॅलिपरच्या खाचेत खाली 6 मिमी जागा आहे. दोन्ही चाकं 700सी अ‍ॅल्युमिनियमची बांधून घेतो.

शेवटचं विचारतो. चेन किती ताठ ठेवायची? आणि खाच पुढे उघडते, तर जोरात पेडल मारल्यावर चाक पुढे सरकणार नाही का?

आटेदार

सरकतं, आणि उजवी बाजूच सरकते, कारण चेन तिकडून ओढते. मग टायर डाव्या चेनस्टेला घासतो. त्यावर उपाय: क्विक रिलीज नको, नटवाला आस घ्या, नटाखाली दातेरी वायसर हवा, आणि ड्रॉपआउटच्या आतून-बाहेरून क्रोम गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करा. नट 15 च्या पान्याने 30 ते 40 न्यूटन-मीटर आवळा. टॉर्क रेंच नसेल तर 20 सेंमीच्या पान्याच्या टोकाला 15-20 किलोचा जोर, हे माप. दातेरी वायसरवर आणि ड्रॉपआउटवर तेल-ग्रीस लागू देऊ नका. आसाच्या आट्यांना थोडं तेल चालतं.

चाक ओढायची युक्ती: दोन्ही नट बोटाने आवळा. चाक मागे ओढून उजवा नट अर्धवट घट्ट करा. मग रिम चेनस्टेच्या मधोमध येईल अशी हाताने डावी-उजवीकडे ढकला आणि डावा नट आवळा. आता उजवा सैल करून रिम उजवीकडे दाबली की उजवं टोक आणखी थोडं मागे जातं. तिथे उजवा आवळा, डावा सैल करा, रिम मध्यावर आणा, डावा आवळा. असं एकेक पाऊल मागे जात ताण वाढवता येतो.

ताण मोजताना क्रँक फिरवून सगळ्यात ताठ जागेवर आणा. तिथे चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली एकूण 10 ते 12 मिमी हालचाल हवी. त्याहून ताठ असेल तर हबचे आणि बॉटम ब्रॅकेटचे छर्रे दळले जातात, चाक उचलून फिरवल्यावर ते घरघरत लवकर थांबतं. सैल असेल तर खड्ड्यात चेन उतरते, कॉग आणि तारांमध्ये अडकते, आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. चेन सैल झाली की त्याच दिवशी ताणा.

ग्रीसगन

एक राहिलंच. गिअरच्या सायकलवर सवय असते ना, चाक उचलून फिरवायचं आणि फिरत्या चेनवर फडकं धरायचं? फिक्स्डवर ते कधीही करू नका. फडकं चेन आणि कॉगच्या मध्ये ओढलं गेलं की चाकाचा सगळा वेग बोटावर येतो आणि पेडल सोडलं तरी थांबत नाही. बोट तुटतं. चेन पुसताना चाक स्थिर हवं, तेवढा भाग पुसून झाला की फडकं बाजूला घेऊन क्रँक हाताने थोडा मागे फिरवायचा आणि पुन्हा थांबवायचा, आणि फडकं नेहमी चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर, दात्यांपासून लांब. उजव्या बुटाची लेस आत खोचून ठेवा आणि पँटला क्लिप लावा.

हब 36 भोकांचा घेताय, तेव्हा रिमही 36 चीच घ्या, आणि तारांची लांबी जुन्या हबवरून काढू नका. ट्रॅक हबचा फ्लँज (तारा अडकतात ती कडा) मोठा असेल तर तारा काही मिलिमीटरने आखूड लागतात. हब हातात आल्यावर फ्लँजच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, दोन्ही फ्लँज मध्यापासून किती लांब आहेत ते आणि रिमचा आतला व्यास, ही मापं इथे टाका. तारांची लांबी काढून देतो.